कागदाचे कपटे खूप उरतात; डोकं न शिणवता करता येईल असं काय करावं?

मणी करा. डोक्याला काम नाही, हात मात्र गुंतलेले राहतात.

मासिकाचं गुळगुळीत पान घ्या. तळाशी साधारण २ सेंमी रुंद आणि २०-२५ सेंमी लांब असा निमुळता त्रिकोण कापा. रुंद बाजूकडून विणायच्या सुईवर घट्ट गुंडाळत जा आणि शेवटच्या टोकाला खळ लावा. मधे फुगीर, कडेला बारीक असा मणी तयार होतो. लग्नपत्रिकांचा जाड कागद इथे बिनकामाचा, वळता वळत नाही; त्याच्या पुस्तकात ठेवायच्या खुणा करा.

आम्ही बडोद्याचे, त्यामुळे आमच्याकडे खरी चंगळ १४-१५ जानेवारीनंतर. उत्तरायण (संक्रांत) आणि वासी उत्तरायण (तिचा दुसरा दिवस) झालं की गच्चीभर फाटके पतंग! (मांजा आधी काढून टाका, बोट कापतं.) हा कागद कात्रीने कापू नका, हाताने फाडा. एका दिशेने सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वाकडातिकडा, कारण कागदातले बहुतेक तंतू एकाच दिशेने असतात. ते वेडेवाकडे तुकडेच रिकाम्या काचेच्या बरणीवर एकावर एक चिकटवा. फेव्हिकॉलमध्ये थोडंसंच पाणी घाला. पतंगाचा रंग ओलाव्याने सुटतो. माझी पहिली बरणी अशीच जांभळट चिखलाची झाली होती, आईने तिच्यात मुकाट्याने बटणं भरली.

आत छोटा बॅटरीचा दिवा ठेवा. पणती नको, बाहेरून कागद आहे.