अकरा रात्री, चार मुक्काम, पाच राजधान्या: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

टूर कंपनीशिवाय, मैत्रिणीला किंवा मित्राला सोबत घेऊन युरोपातल्या राजधान्या झपाट्याने पाहायच्या आहेत, असं बऱ्याच वाचकांनी कळवलं आहे. त्यांच्या प्रश्नांपैकी इतरांनाही उपयोगी पडतील असे निवडले आहेत.

प्रश्न: आम्ही दोघी मैत्रिणी मे महिन्यात बारा दिवसांसाठी जाणार आहोत. पॅरिस, ॲमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि रोम एवढं बसेल का?

नाही बसणार. नकाशावरची शहरं मोजू नका, हातात उरणारे अर्धे दिवस मोजा. गाव बदललं की अर्धा दिवस जातोच. सकाळी सामान आवरून हॉटेल सोडायचं, स्टेशन गाठायचं, तीन-चार तास गाडीत बसायचं, नवं हॉटेल शोधायचं. तिथे खोली बहुधा तीनच्या आधी मिळत नाही. सात शहरं म्हणजे सहा वेळा हे सगळं, म्हणजे तीन दिवस नुसत्या हलवाहलवीत. शिवाय रोम या ओळीतून इतकं बाजूला आहे की तिथे विमानानेच जावं लागेल, आणि विमानतळावरची ये-जा धरली तर जवळपास सबंध दिवस संपतो.

म्हणून रेल्वेची एकच ओळ धरा आणि एकाच दिशेने जा. आमची शिफारस अशी: बर्लिन 2 रात्री, प्राग 3, व्हिएन्ना 4, बुडापेस्ट 2. मुक्काम तीनदाच हलतो. ब्रातिस्लाव्हा व्हिएन्नापासून जेमतेम 60 किलोमीटरवर आहे, गाडीला तासभर लागतो, तेव्हा सामान व्हिएन्नातच ठेवून ती राजधानी एका दिवसात पाहून या. मात्र परतीची गाडी कोणत्या स्टेशनवरून आहे ते नीट बघा. ‘हलाव्हना स्तानित्सा’ हे मुख्य स्टेशन जुन्या गावाजवळ आहे, ‘पेत्रझाल्का’ नदीपलीकडे आहे आणि तिथून जुन्या गावात यायला बस लागते. व्हिएन्नाहून दोन्हीकडे गाड्या जातात.

विमानाचं तिकीट मुंबई–बर्लिन आणि बुडापेस्ट–मुंबई असं ‘मल्टी-सिटी’ पर्यायातून एकत्र काढा. जाऊन-येऊन बर्लिनचंच काढलंत, तर शेवटचा दिवस पुन्हा बर्लिन गाठण्यात जाईल.

पॅरिस आणि ॲमस्टरडॅमचा मोह आम्हाला समजतो. पण ती वेगळी ओळ आहे: पॅरिसहून ब्रसेल्स सव्वा-दीड तास, पुढे ॲमस्टरडॅम सुमारे दोन तास. ती पुढच्या खेपेला स्वतंत्र करा.

प्रश्न: पाच देश असतील तर व्हिसा कुणाकडे मागायचा? आम्हा दोघांचा अर्ज एकत्र चालेल का?

हे पाचही देश शेंगेनमध्ये, म्हणजे सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्याच्याकडे अर्ज करायचा. असा एक देश ठरत नसेल, तर शेंगेनची हद्द जिथे प्रथम ओलांडाल त्या देशाकडे. प्राग 3 आणि व्हिएन्ना 3 असं समसमान ठेवलं आणि उतरलात जर्मनीत, तर घोळ होतो. व्हिएन्नाला आम्ही 4 रात्री सुचवल्या, त्यामागे हेही कारण आहे. अर्ज सरळ ऑस्ट्रियाकडे जातो.

अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र. हॉटेलचं बुकिंग एकत्र असलं तर चालतं, पण त्यावर दोघांची नावं हवीत. ‘एक खोली, दोन प्रौढ’ आणि नाव एकाचंच, अशा कागदावर दुसऱ्याच्या अर्जात शंका निघते. बँकेची विवरणपत्रं, रजेचं पत्र, आयकर विवरण ज्याचं त्याचं. सोबतचा प्रवासी कोण आणि खर्च कसा वाटून घेणार, ते दोघांनीही आपापल्या पत्रात सारख्याच शब्दांत लिहा. विमा किमान 30,000 युरोचा आणि मुक्कामाचे सगळे दिवस व्यापणारा हवा. पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा.

अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. मे महिन्यासाठी भेटीची वेळ मिळवायला जानेवारी-फेब्रुवारीतच लागा. आणि दोघांचेही व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारी तिकिटं काढू नका. एकाचा मंजूर आणि दुसऱ्याचा नामंजूर होऊ शकतो.

वाटेत लंडन किंवा बेलग्रेड घुसवायचं मनात असेल तर सावध राहा. दोन्ही शेंगेनबाहेर आहेत. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर बाहेर पडल्याक्षणी तो संपतो.

प्रश्न: रेल्वे पास घ्यावा का? आणि युरोपात आरक्षण नसेल तर गाडीत चढता येतं का?

या बेताला पास परवडत नाही. मोठे प्रवास तीनच आहेत: बर्लिन–प्राग चार-साडेचार तास, प्राग–व्हिएन्ना सुमारे चार तास, व्हिएन्ना–बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. लवकर काढलेली सुटी तिकिटं आणि ब्रातिस्लाव्हाचं जाणं-येणं मिळूनही पासच्या निम्म्या खर्चात भागतं. बर्लिन–प्रागसाठी जर्मन आणि चेक, दोन्ही रेल्वेंच्या साइटवर दर पाहा. गाडी तीच असली तरी दरात बराच फरक पडू शकतो.

आता जिथे आपले लोक हमखास गोंधळतात तो भाग. आपल्याकडे कन्फर्म तिकीट म्हणजे बर्थ. जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकमध्ये तिकीट म्हणजे प्रवासाचा हक्क, आसनाचं आरक्षण वेगळं आणि बहुधा ऐच्छिक. वेटिंग लिस्ट नसते. आरक्षण न करता चढता येतं, पण शुक्रवारी दुपारी किंवा रविवारी संध्याकाळी दोघांना दारापाशी बॅगांवर बसून चार तास काढावे लागतील. काही युरोंत आसन मिळतं, ते तिकिटासोबतच घ्या. आरक्षण नसेल तर आसनावरची पट्टी वाचा. ‘प्राग–ब्रनो’ लिहिलं असेल, तर ती जागा ब्रनोनंतर रिकामी होणार आहे.

स्वस्तातलं तिकीट त्याच गाडीपुरतं असतं. गाडी तुमच्या चुकीने सुटली तर पैसे गेले. रेल्वेच्या उशिराने पुढची गाडी हुकली आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असले, तर पुढच्या गाडीने नेण्याची जबाबदारी त्यांची. हेच टप्पे वेगवेगळ्या तिकिटांवर असतील, तर ती हमी राहत नाही. म्हणून जोडगाड्यांचा प्रवास तुकड्यांत विकत घेऊ नका. एक तासाच्या वर उशीर झाला तर भाड्याचा 25 टक्के आणि दोन तासांच्या वर 50 टक्के परतावा मागता येतो. गाडी रद्द होण्याच्या किंवा उशिराच्या कारणानुसार याला काही अपवाद आहेत, पण अर्ज करायला हरकत नाही.

बर्लिनच्या मुख्य स्टेशनात फलाट दोन टोकांच्या मजल्यांवर आहेत, 1 ते 8 जमिनीखाली आणि 11 ते 16 वर. लिफ्टला गर्दी असते, वीस मिनिटं हाताशी ठेवा. प्रागकडे जाताना डावीकडची खिडकी मागा: ड्रेस्डेन सुटलं की एल्ब नदी आणि तिच्यावरचे वालुकाश्माचे कडे बराच वेळ त्याच बाजूने दिसतात. या सबंध प्रवासातला सर्वांत देखणा पट्टा हाच, त्या वेळी झोपू नका.

पासपोर्ट बॅगेत नको, अंगावर हवा. शेंगेनच्या आतल्या सीमांवरही सध्या गाडीत पोलीस येऊन तपासणी करतात. फलकांवरची नावं स्थानिक असतात: व्हिएन्नासाठी ‘वीन’, प्रागसाठी ‘प्राहा’. बुडापेस्टमध्ये मोठी स्टेशनं तीन आहेत, केलेती, न्युगती आणि देली. हॉटेल निवडण्याआधी तिकिटावरचं नाव वाचा.

प्रश्न: प्रत्येक शहरात जेमतेम दोन दिवस. कशाची तिकिटं आधी काढायची आणि काय सोडायचं?

बर्लिनमध्ये राइशटाग, म्हणजे संसदभवनाच्या काचेच्या घुमटाला प्रवेश फुकट आहे, पण नाव आणि जन्मतारीख देऊन आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि दारात पासपोर्ट दाखवावा लागतो. बर्लिन विमानतळ स्थानिक बस-रेल्वेच्या तिकिटांच्या ‘सी’ क्षेत्रात येतो. शहरातलं ‘एबी’ तिकीट तिथे चालत नाही, ‘एबीसी’ लागतं. उतरल्या उतरल्या दंड भरणारे पर्यटक याच चुकीने अडकतात.

प्रागचा चार्ल्स पूल सकाळी सातच्या आत बघा. 1357 मध्ये बांधायला घेतलेल्या या पुलावर दहानंतर नुसती डोकी दिसतात. किल्ल्यासाठी 22 नंबरच्या ट्रामने वरच्या बाजूला उतरा आणि पाहत पाहत खाली या, म्हणजे चढण वाचते. अंगणात फिरायला तिकीट नाही, आतल्या इमारतींना आहे. ज्यू वस्तीतली संग्रहालयं शनिवारी बंद असतात.

व्हिएन्नात श्योनब्रुन राजवाड्याला वेळ ठरवून तिकीट घ्यावं लागतं. मे महिन्यात ऐनवेळी मिळालं तर दुपारी उशिराचं मिळतं. बाग मात्र फुकट आहे. कुन्स्टहिस्टोरिशेस हे मोठं कलासंग्रहालय उन्हाळ्याचे महिने सोडता सोमवारी बंद असतं. ब्रूगेलची चित्रं पाहायची असतील तर सोमवार ब्रातिस्लाव्हासाठी ठेवा. सेंट स्टीफन कॅथीड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला 343 पायऱ्या आहेत, जिना अरुंद आणि गोल फिरणारा. गुडघे दुखत असतील तर तो सोडा. ऑपेरा ऐकायची इच्छा असेल तर स्टेट ऑपेराची उभ्याने पाहायची स्वस्त तिकिटं प्रयोगाच्याच दिवशी विकली जातात. सकाळी दहाला फोन हातात घेऊन बसा.

बुडापेस्टचं संसदभवन आतून पाहायचं असेल तर तिकीट काही आठवडे आधी काढा. रात्री ते बाहेरून पाहायला डॅन्यूब नदीच्या पेस्ट बाजूच्या काठाने जाणारी 2 नंबरची ट्राम पुरते, वेगळी बोट घ्यायलाच हवी असं नाही. विमानतळाच्या 100-ई बसला वेगळं तिकीट लागतं, शहराचा 24 तासांचा पास तिच्यात चालत नाही.

प्राग आणि व्हिएन्नात कागदी तिकिटावर पहिल्याच प्रवासाआधी यंत्रात शिक्का मारून घ्या. विकत घेतलं पण शिक्का नाही, तर ते विनातिकीटच. ॲपमधलं तिकीटही चढण्याआधी चालू करा, तपासनीस समोर आल्यावर नाही.

प्रश्न: पैसे कसे न्यावेत?

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकियात युरो, चेकमध्ये कोरुना, हंगेरीत फॉरिंट. फॉरेक्स कार्डावर युरो भरा, उरलेल्या दोन चलनांत थोडेच पैसे तिथल्या बँकेच्या एटीएममधून काढा. ‘रुपयांत आकारू का?’ असं यंत्राने किंवा दुकानदाराने विचारलं तर नाही म्हणा. तो दर नेहमीच महाग पडतो. प्रागमध्ये चौकातल्या केंद्रात नोटा बदलून फसल्यासारखं वाटलं, तर चेक कायद्याने 1,000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती जपा. बुडापेस्टच्या रेस्टॉरंटात बिलावर ‘सेर्व्हिझदीय’ म्हणजे सेवाशुल्क आधीच लावलेलं असेल, तर वेगळी टिप देऊ नका.

प्रश्न: माझी मैत्रीण अंडंही खात नाही. काय सोबत न्यावं?

आधी काय नेऊ नये ते पाहा. भारतातून युरोपीय संघात दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही. पेढे, बर्फी, तूप, श्रीखंडवडी घरीच ठेवा. हापूस आणि कढीपत्ताही नको, ताजी फळं आणि पानं यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. तेलातल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, कुरमुऱ्याचा चिवडा, गरम पाण्यात होणारे पोहे आणि उपमा यांना हरकत नाही.

तिथे भाजीचं सूप बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असतं, दरवेळी विचारा. प्रागमध्ये तळलेलं चीज, ‘स्माझेनी सीर’, सर्वत्र मिळतं, पण त्याच्या आवरणात अंडं असतं. व्हिएन्नाचा काइझरश्मार्न हा गोड पदार्थ अंड्यांचाच. बुडापेस्टमध्ये लांगोश ही तळलेली जाड पोळी चीज आणि आंबट सायीसोबत देतात, तळणीला तेल आहे की चरबी ते विचारून घ्या. रविवारी ऑस्ट्रिया आणि जर्मनीत सुपरमार्केट बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली उघडी असतात. 1 मे सारख्या सुट्टीलाही हेच. शनिवारी संध्याकाळीच दही, पाव, फळं आणून ठेवा. व्हिएन्नात नळाचं पाणी डोंगरातल्या झऱ्यांचं आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

प्रश्न: माझ्या मित्राला संग्रहालयांचा कंटाळा, मला त्यांचंच वेड. शिवाय गर्दीत चुकामूक झाली किंवा पासपोर्ट गेला तर?

रोज दुपारी तीन तास वेगळे व्हा, हे निघण्याआधीच ठरवा. भेटायची जागा अशी हवी की चुकीचा दरवाजा असूच शकणार नाही. ‘स्टेशनवर भेटू’ नको, ‘अमुक ट्रामच्या थांब्यावर, अमुक दिशेला’ असं ठरवा. तिकिटं, हॉटेलचे पत्ते, विमा दोघांच्याही फोनमध्ये असू द्या, फोन बंद पडला तर म्हणून पत्ता कागदावरही. आणीबाणीचा क्रमांक सगळीकडे 112.

साध्या वेशातला ‘पोलीस’ पाकीट किंवा नोटा दाखवायला सांगत असेल तर देऊ नका, जवळच्या चौकीत चला म्हणा. पासपोर्ट चोरीला गेलाच, तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या, मग भारतीय दूतावास गाठा. या पाचही शहरांत तो आहे. तिथे मिळणारं आणीबाणीचं प्रमाणपत्र भारतात परतण्यापुरतं असतं, व्हिसा पासपोर्टसोबत गेलेला असतो, त्यामुळे त्या व्यक्तीची पुढची सहल बहुधा तिथेच थांबते. अशा वेळी दुसऱ्याने पुढे जायचं की सोबत परतायचं, हेही निघण्याआधीच एकमेकांशी बोलून ठेवा.