नव्वदच्या दशकातल्या मालिका, गेम आणि कॉमिक्सवर आम्ही तीन मित्र मराठी पॉडकास्ट सुरू करतोय. कोणी ऐकेल का? माइक कोणता घ्यावा?

माइकचं शेवटी सांगतो. ऐकणारे मिळतात, त्याची काळजी सोडा. आम्हीही तुमच्यासारखे तिघंच होतो, सांगलीच्या एकाच गल्लीतले. एकवीस भाग केले, बाविसावा झाला नाही. तो का झाला नाही हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला तेच सांगायचंय.

आमचा नववा भाग कॉन्ट्रा या गोळीबाराच्या व्हिडिओ गेमवर होता. आमच्या गल्लीत गेम एकाच घरी होता, आमच्या तिघांतल्या एकाच्या. त्याच्या वडिलांनी मुंबईहून आणलेला. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राची ती नक्कल होती हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळलं, तेव्हा तो नुसता 'गेम' होता आणि कार्ट्रिजला आम्ही कॅसेट म्हणायचो. कॅसेटवर ९९९९९९९ इन १ असं छापलेलं, आत खरे गेम वीसेक, बाकी तेच तेच पुन्हा. चालू झाली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची. हे तुम्हाला माहीतच असणार.

ज्याचा गेम, त्याच्याकडे पहिला कंट्रोलर. निळ्या पँटचा तो, लाल पँटचा मी. माझ्या कंट्रोलरवर स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणंच नव्हती, त्यामुळे खेळ थांबवायचा तर त्यानं, सुरू करायचा तर त्यानं. तिसऱ्या लेव्हलला धबधबा लागतो. तिथं पडदा वर सरकत जातो आणि वरचा खेळाडू पुढे गेला की खाली राहिलेला पडद्याबाहेर जाऊन मरतो, एकही गोळी न लागता. तो थांबायचा नाही. धबधब्यावर माझ्या सगळ्या लाईफ जायच्या आणि पुढचा गेम मी भिंतीला टेकून बघायचो. तेवढ्यात काकू आतून म्हणायच्या, "पुरे आता, टीव्ही तापला."

ठरावीक क्रमानं बटणं दाबली की तीस लाईफ मिळतात, तो कोड त्याला त्याच्या मुंबईच्या आतेभावानं शिकवला होता. वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए. आज हे कोणीही झोपेत सांगेल. पण त्या वेळी तो उशीखाली कंट्रोलर धरून कोड दाबायचा, आम्हाला बोटं दिसू नयेत म्हणून. दोन उन्हाळे आम्ही ती उशी बघितली. मला कोड कळला तो एसटी स्टँडमागच्या गेम पार्लरमध्ये. तिथं पाच रुपयांत अर्धा तास खेळायला मिळायचं, आणि ते पाच रुपये मी दळणाच्या, दुधाच्या सुट्ट्या पैशांतून आठवडाभर बाजूला काढायचो. घरी ते माहीत नव्हतं. तिथल्या एका मोठ्या मुलानं, नावही न विचारता, माझा अंगठा धरून बटणं दाबून दाखवली.

हे सगळं मी नवव्या भागात सांगितलं. तयारी करताना एक गोष्ट वाचली होती, तीही सांगितली. कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये ग्रॅडियस हा गेम फॅमिकॉमसाठी तयार करत होते. तपासायला बसले तर तो त्यांनाच पार होईना, म्हणून त्यांनी स्वतःपुरता हा कोड घातला. तो काढायचा राहिला, मग कॉन्ट्रातही आला आणि जगभरच्या पोरांचा झाला. २०२० मध्ये हाशिमोतो गेले. आणखी एक: मूळ जपानी फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरवर स्टार्ट-सिलेक्टच्या जागी एक छोटा माइक होता. बोलायची सोय दुसऱ्या नंबरच्या खेळाडूकडे! हे सांगताना माझा आवाज चढला होता, मला आठवतं. तिसरा मित्र गप्प झाला, मग म्हणाला, "अरे, मला तर दुसरा कंट्रोलरही कधी मिळाला नाही." आणि त्यानं त्याचं सांगायला सुरुवात केली. अकरा मिनिटं आम्ही दोघंच बोलत होतो. आमच्या एकवीस भागांतली ती सगळ्यात खरी अकरा मिनिटं.

भाग प्रसिद्ध झाला तेव्हा ती नव्हती.

ज्याचा गेम, त्याचेच माइक, त्याचाच लॅपटॉप, म्हणून एडिटिंगही त्याच्याकडे. मी फोन केला. तो म्हणाला, "लोक गंमत म्हणून ऐकतात रे. त्यात दळणाचे पैसे कशाला?" राहिलेल्या भागात त्याचं एक वाक्य आहे: "तेव्हा आपण सगळेच कॉन्ट्रा खेळायचो." सगळे नव्हतो खेळत. गल्लीत पंधरा पोरं होती आणि कंट्रोलर दोन. जुन्या आठवणींचा कार्यक्रम करायचा आणि त्यातून ज्याच्याकडे वस्तू नव्हती त्याला वगळायचं, याला मी आठवण म्हणत नाही. नव्वदच्या दशकात वस्तू थोड्या आणि बघणारे जास्त, हीच तर त्या काळाची गोष्ट आहे. शक्तिमान रविवारी दुपारी बारा वाजता लागायचा, तो किती जणांनी स्वतःच्या घरी बघितला आणि किती जणांनी दुसऱ्याच्या उंबऱ्यात बसून, हे विचारा एकदा. उंबऱ्यातल्या माणसाला मालिका जास्त आठवते, कारण त्याला शेजाऱ्यांची मर्जीही सांभाळायची असायची.

ऐकेल कोण याचं उत्तरही इथंच आहे. आमचा जंगल बुकचा भाग पडला. आम्ही सगळी माहिती जमवली होती: निप्पॉन अ‍ॅनिमेशनची १९८९ची जपानी मालिका, दूरदर्शनवर १९९३ मध्ये हिंदीत आली, गीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं, शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. चाळीस मिनिटं ती वाचून दाखवली. ही माहिती ज्याला हवी तो दोन मिनिटांत शोधतो, तुमच्या तोंडून कशाला ऐकेल? याउलट इंद्रजाल कॉमिक्सचा भाग चालला. ती मालिका १९६४ ते १९९० चालली, म्हणजे आमच्या हाती आली ती तिसऱ्या मित्राच्या मामाच्या पेटीतली, जीर्ण. तो नुसता एका अंकाबद्दल बोलला, ज्याची शेवटची पानं फाटलेली होती. डेंकालीच्या जंगलात वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, एका खिंडीत अडकलाय आणि पुढे काय झालं ते त्याला तीस वर्षं माहीत नव्हतं. शेवट त्यानं मनानं चार-पाच वेळा बनवला होता, ते सगळे शेवट सांगितले. त्या भागावर श्रोत्यांची सगळ्यात जास्त पत्रं आली. मस्कतला नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांच्याकडच्या अंकाच्या शेवटच्या पानांचे फोटो पाठवले. मित्र ते बघून रडला, आणि नंतर म्हणाला की त्याचा तिसरा शेवट जास्त चांगला होता. खरा शेवट मीही वाचला, मित्राचा चांगला होताच.

तेव्हा आधी तिघं बसून हे ठरवा की एडिटिंग एकट्याच्या हातात राहणार नाही. भाग बाहेर जाण्याआधी तिघांनी ऐकायचा, आणि ज्याचं बोलणं कापायचं त्याला विचारूनच कापायचं. माइक कोणी विकत घेतला याचा इथं काही संबंध नाही. तुमच्यातल्या कोणाकडे गेम नव्हता, कोण भाड्यानं कॉमिक्स आणायचा, त्याला पहिल्या भागात बोलू द्या.

गेमवाल्या मित्राची बाजूही सांगायला हवी. चार उन्हाळे त्याच्या घराचं दार आम्हाला उघडं होतं, काकूंनी किती भडंग खाऊ घातलं त्याचा हिशोब नाही. एडिटिंग हे कंटाळवाणं काम आहे, ते तो रविवारी रात्री जागून करायचा, आम्ही दोघांनी कधी मदत केली नाही. आणि अकरा मिनिटं बोलताना मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं, हे मला उशिरा जाणवलं. पण कापायला नको होतं.

आता माइक. घरच्या खोलीत रेकॉर्ड करणार असाल तर डायनॅमिक प्रकारचा घ्या, तो मुख्यतः जवळचा आवाज पकडतो. कंडेन्सर हा दुसरा प्रकार जास्त संवेदनशील, तो पंखा, कुकरची शिट्टी, खालची रिक्षा सगळं उचलतो. प्रत्येकाला वेगळा माइक, तोंडापासून चार बोटांवर, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर. भिंतीला गोधड्या टांगा, घुमणं कमी होतं. तिघं तीन गावांत असाल तर ज्यानं त्यानं आपापल्या जागी रेकॉर्ड करायचं आणि सुरुवातीला एकदम टाळी वाजवायची, नंतर ट्रॅक जुळवायला ती टाळी उपयोगी पडते. मालिकांची शीर्षकगीतं वाजवू नका, हक्कांची भानगड होते.

आणि न कापलेलं मूळ रेकॉर्डिंग त्याच दिवशी तिघांकडेही जाऊ द्या. आमच्या नवव्या भागाचं माझ्याकडे नाही. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर होतं, तो लॅपटॉप त्यानं विकला.