वाचकांचे प्रश्न : मोर्स संकेतांतील मोकळ्या जागा

प्रश्न : संगणकावरील रूपांतरकाने एक शब्द मोर्स संकेतांत बदलून मी मैत्रिणीला पाठवला. तिने तो पुन्हा अक्षरांत आणला, तेव्हा भलतीच अक्षरे मिळाली. दोष रूपांतरकाचा की संकेतांचा?

उत्तर : बहुधा दोघांचाही नाही, पाठवताना मधल्या मोकळ्या जागा गळल्या असाव्यात. मोर्स म्हणजे केवळ बिंदू (आखूड ध्वनी) आणि रेघा (लांब ध्वनी), अशी समजूत सर्रास आढळते. परंतु त्यांच्यामधील शांतता हाही संकेताचाच भाग आहे. बिंदूचा काळ एक मात्रा धरला, तर रेघ तीन मात्रांची होते; एकाच अक्षरातील दोन खुणांमध्ये एक मात्रा, दोन अक्षरांमध्ये तीन आणि दोन शब्दांमध्ये सात मात्रा थांबायचे असते. लेखी स्वरूपात अक्षरांमध्ये मोकळी जागा आणि शब्दांमध्ये तिरकी रेघ देण्याची रीत आहे.

'नमन' हा शब्द रोमन लिपीत एन, ए, एम, ए, एन असा लिहिला, की त्याचे संकेत पुढीलप्रमाणे होतात :

-·  ·-  --  ·-  -·

मधल्या जागा काढून टाकल्या, तर -··---·--· अशी सलग ओळ उरते. तीच ओळ निराळ्या ठिकाणी तोडली, की -··-  --·-  -· असे तीन गट पडतात आणि एक्स, क्यू, एन ही अक्षरे हाती येतात. दोन्ही वाचने नियमाला धरूनच आहेत. नुसते तीन बिंदू घेतले, तरी ते एस असू शकतात, तीन वेळा ई असू शकतात, अथवा आय आणि ई कोणत्याही क्रमाने असू शकतात. एका अक्षराचा संपूर्ण संकेत हा दुसऱ्या अक्षराच्या संकेताचा केवळ आरंभ असू शकतो. त्यामुळे अक्षर संपले हे शांततेखेरीज कशानेही कळत नाही. शब्दकोशाच्या आधारे तर्क लढवता येतो, पण विशेषनामांपुढे तोही थकतो.

आणखी एक शक्यता तपासून पाहा. लेखनाची काही सॉफ्टवेअर सलग तीन टिंबे दिसताच त्यांचे एकच लोपचिन्ह करतात आणि दोन आखूड रेघा जोडून एक लांब रेघ करतात. पहिल्या बदलामुळे एस हे अक्षर रूपांतरकाला ओळखूच येत नाही. दुसरा बदल मला अधिक घातक वाटतो, कारण दोन रेघांचा एम एका रेघेचा झाला, की काही रूपांतरक मुकाट्याने टी लिहून मोकळे होतात आणि चूक झाल्याची खूणही राहत नाही. आपोआप दुरुस्ती करण्याची सोय बंद करून मगच संकेत लिहावेत.

प्रश्न : एसओएस ही तीन अक्षरे समजायची की एकच खूण?

उत्तर : एकच खूण. तीन बिंदू, तीन रेघा आणि पुन्हा तीन बिंदू अक्षरांमधील विराम न घेता सलग पाठवायचे, हाच त्या संकेताचा विशेष आहे. १९०६ मध्ये बर्लिन येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तो स्वीकारला आणि १९०८ पासून तो अमलात आला. तो कोणत्याही वाक्याचा संक्षेप नव्हे. इंग्रजीतील प्रचलित विग्रह नंतर जोडले गेले.

प्रश्न : मराठी मजकूर मोर्समध्ये पाठवून तो जसाच्या तसा परत मिळवता येईल का?

उत्तर : येईल, पण त्यासाठी आधी थोडी आखणी हवी. आंतरराष्ट्रीय मोर्स संकेत रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी विरामचिन्हे एवढ्यांपुरताच आहे. जपानी आणि रशियन भाषांसाठी स्वतंत्र तक्ते रुजले. आपल्याला मात्र देवनागरी मजकूर प्रथम रोमन लिपीत आणावा लागतो, आणि खरी अडचण तेथेच आहे. लिप्यंतराच्या काही पद्धती त आणि ट यांतील भेद रोमन अक्षराच्या लहान-मोठ्या रूपाने दाखवतात. मोर्समध्ये असा भेदच नसल्यामुळे 'वात' पाठवली काय आणि 'वाट' पाठवली काय, पलीकडे एकच अक्षरमाला पोहोचते. दीर्घ स्वराचीही तीच गत होते.

दीर्घ आ साठी ए हे अक्षर दोनदा लिहावे, हे सोपे आहे. ट साठी टी दोनदा लिहावा असेही कोणी सुचवील, पण मग 'पत्ती' आणि 'पटी' यांची गल्लत होते. माझ्या मते एक्स हे अक्षर अन्यत्र न वापरता मूर्धन्य वर्णाची खूण म्हणून राखून ठेवावे : टी नंतर एक्स म्हणजे ट, डी नंतर एक्स म्हणजे ड, एन नंतर एक्स म्हणजे ण, एल नंतर एक्स म्हणजे ळ. एक्सला चार खुणा लागत असल्याने मजकूर लांबतो, हे खरे. परंतु अर्थ जाण्यापेक्षा लांबी वाढलेली बरी. हा ठराव दोन्ही बाजूंना आधीपासून माहीत असला पाहिजे, हे सांगायला नकोच.

प्रश्न : संगणकाने वाजवलेले संकेत माझा मोबाइल अचूक लिहून दाखवतो, पण मी हाताने वाजवलेले तो चुकीचे वाचतो. असे का?

उत्तर : ध्वनी आणि शांतता किती वेळ टिकली, हे मोजून यंत्र निर्णय घेते. सर्वांत साधी पद्धत अशी, की दोन मात्रांपेक्षा कमी काळ वाजलेला ध्वनी बिंदू मानायचा आणि त्याहून अधिक वाजलेला रेघ. शांततेसाठी सीमा साधारणपणे दोन आणि पाच मात्रांवर ठेवायच्या. मिनिटाला २० शब्द या वेगाने एक मात्रा अवघी ६० मिलिसेकंदांची असते. हाताने वाजवताना वेग सतत कमी-जास्त होतो, आणि यंत्राने मात्रेचे माप वेळोवेळी नव्याने घेतले नाही, तर सीमाच चुकतात. नवशिक्याचे बिंदू आणि रेघा सहसा ठीक असतात. अक्षरांमधला विराम मात्र आखडतो आणि दोन अक्षरे एकमेकांना चिकटतात.

म्हणून तक्ता पाहून खुणा मोजण्याऐवजी कानाने शिकावे, असा माझा आग्रह आहे. लुडविग कोख यांच्या पद्धतीत विद्यार्थ्याला आरंभी दोनच अक्षरे पूर्ण वेगाने ऐकवतात आणि ती पक्की झाल्यावर एकेक अक्षर वाढवतात. फार्न्सवर्थ पद्धतीत अक्षराचा वेग तसाच ठेवून केवळ अक्षरांमधील आणि शब्दांमधील शांतता लांबवतात, आणि सराव वाढेल तशी ती हळूहळू नेहमीच्या मापावर आणतात. आपली अडचण विरामांचीच असल्याने आपण या दुसऱ्या पद्धतीने ऐकण्याचा आणि वाजवण्याचा सराव करावा. ध्वनिमुद्रण तपासताना मोबाइलमध्ये वेग ठरवून देण्याची सोय असेल, तर तीही वापरावी.