मोगऱ्याची काडी नखाने खरवडून बघा

प्रश्न: चिपळूणचं घर विकून जानेवारीत मी ठाण्याला मुलाकडे, चौथ्या मजल्यावर राहायला आले. ह्यांनी लावलेला मोगरा अंगणातून मुळासकट काढून कुंडीत आणला. त्याची सगळी पानं गळली. सून म्हणाली, "वाळलाय तो. टाकून देऊ, नर्सरीतून नवा आणू." मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. ह्यांच्या माघारी स्वतःला सावरलं, आणि आता एका झाडासाठी रडतेय. माझं काही चुकतंय का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, रडलात त्यात काही चुकलं नाही. घर, अंगण, शेजार एकदमच सुटलं, आणि त्या सगळ्यातलं एवढं एकच जिवंत तुमच्याबरोबर आलं. पण आधी मोगऱ्याचं बघू, कारण तो गेला असं मला वाटत नाही.

जमिनीतलं झाड काढताना बारीक मुळं तुटतात. उरलेल्या मुळांना सगळ्या पानांची तहान भागवता येत नाही, म्हणून झाड पानं टाकतं. एक काडी नखाने हलकेच खरवडा. सालीखाली हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे. तपकिरी दिसलं तर खाली खाली येत बघा आणि हिरवं लागेल तिथवर छाटा. कात्री चालवताना कचरू नका, मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवरच येतात. खत मात्र आत्ता नको, पालवी दिसल्यावर द्या. आणि पाणी जपून. अंगणात घातलेलं पाणी जमिनीत मुरायचं, कुंडीत ते मुळाशी तुंबतं. मातीत बोट घालून बघा, कोरडं लागलं तरच घाला. सध्या सकाळचं कोवळं ऊन पुरे.

मग रोज चहाचा कप घेऊन त्याच्याजवळ जा. मी दर फाल्गुनात माझ्या कढीपत्त्यापाशी अशीच उभी असते. काल जिथे नुसती काडी होती तिथे आज मोहरीएवढा हिरवा डोळा दिसतो, आणि तो दिवस माझा छान जातो. ह्या आनंदाला मी लहान म्हणणार नाही.

सुनेचं म्हणाल तर तिला वाळकी काडी दिसली, तुम्हाला त्यात ह्यांचे हात दिसले. हे तिला कुणी सांगितलंय का? "नवा आणू" म्हणाली, म्हणजे घरात झाड तिलाही हवंय. तो कधी लावला, पहिल्या फुलांचं काय केलंत, सगळं सांगा तिला. छाटणी करताना तिला जवळ बोलवा. छाटलेल्यातली हिरवी काडी निघाली तर दुसऱ्या कुंडीत, सावलीत खोचून ठेवा. प्रत्येक काडी जगतेच असं नाही, पण एखादी धरते.

एखाद्या रविवारी उजाडताच मुलाला म्हणावं, ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात ने. ह्या दिवसांत तिथे पळस आणि काटेसावर फुललेली असते. सावरीच्या लाल फुलांवर पळसमैनांचा कलकलाट चाललेला असतो. चिपळूणकडचा पांगाराही भेटेल.

सगळ्या काड्या कोरड्या निघाल्या तरी घाई नको. बुंध्याजवळून, मातीतून फूट येऊ शकते. पाडव्यापर्यंत कुंडी कुणालाही हलवू देऊ नका.