घाटाआधी ब्रेक ऑइल बघा

प्रश्न : सात वर्षं जुनी गाडी घेऊन पाचजण कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीला जाणार आहोत. आधी काय तपासावं?

उत्तर : सर्वांत आधी ब्रेक ऑइल. ते ओलावा शोषतं. दोन वर्षांहून जुनं असेल तर उतारावर सतत ब्रेक दाबल्याने तापून उकळू शकतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ जातं, म्हणजे दाबूनही ब्रेक लागत नाही. बदलूनच निघा, कोणत्या प्रकारचं, डीओटी ३ की ४, हे ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर असतं. ब्रेक पॅड झिजून ३ मिमी जाडीच्या खाली आले असतील तर तेही नवे टाका. टायरमधली हवा गाडी थंड असताना मोजा. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पूर्ण भाराचा आकडा वेगळा असतो, तोच घ्या. स्टेपनीतली हवा बघायची हमखास विसरली जाते! उतरताना दुसरा गिअर, न्यूट्रल कधीच नको.