ईमेल पत्त्यात प्लस लावून मेल्सची वर्गवारी करण्यात खरंच अर्थ आहे, की नुसता सर्च पुरतो?

'नुसता सर्च पुरतो' एवढं वाचलं आणि हातातलं काम बाजूला सारून लिहायला बसले. हेच वाक्य माझा दादा गेली कित्येक वर्षं मला ऐकवतोय, अगदी ह्याच शब्दांत. प्रश्न त्यानंच नाव बदलून टाकलाय की काय, अशी शंकाही आली. पण दादा विचारणाऱ्यांतला नाही, सांगणाऱ्यांतला आहे.

तर, नाही पुरत. काय शोधायचंय हे आधी ठाऊक असेल तरच सर्च कामाचा. बिलाची तारीख उलटून गेली, हे कुणी सर्च करून शोधत नाही. ती मेल चाळीस जाहिरातींच्या खाली दबलेली असते आणि दंड लागल्यावर आपण तिला शोधायला जातो. मग सर्चमध्ये ती पटकन सापडते, हे खरंय.

प्लसची युक्ती तुम्हाला माहीत आहे असं धरते. माझा पत्ता 'नाव@' असेल, तर 'नाव+बिल@' वर आलेली मेलही माझ्याकडेच येते. जीमेलमध्ये 'टू' च्या चौकटीत तो पत्ता टाकून फिल्टर (आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं तो नियम) करायचा, लेबल लावायचं. जाहिरातींसाठी 'स्किप द इनबॉक्स' वर खूण करायची, बिलांसाठी मुळीच नाही. निम्मे लोक लेबल लावतात आणि सगळं इनबॉक्समध्येच ठेवतात, मग म्हणतात काही फरक पडला नाही. कसा पडेल?

आता माझी चूक सांगते, कारण ती तुम्ही करणार. सुरुवातीच्या उत्साहात मी प्रत्येक साइटला वेगळा शेपटा, म्हणजे प्लसनंतरचा शब्द, दिला होता. साठेक तरी झाले असतील. त्यातला एक, 'नाव+पुस्तकं@', एका ऑनलाइन दुकानाला. दोन वर्षं सुरळीत चाललं. मग त्यांनी साइटला नवं रूप दिलं आणि लॉगिनच्या चौकटीत प्लस टाइप केला की चौकट लाल व्हायला लागली. 'कृपया वैध ईमेल पत्ता टाका.' खालचं बटण करडं, दाबलंच जाईना. पासवर्ड विसरलात का, तिथेही तीच चौकट, तीच लाली. परत केलेल्या एका पुस्तकाचे पैसे त्या खात्यात अडकलेले. केले फोन.

"मॅडम, रजिस्टर्ड ईमेल?"

"नाव, प्लस, पुस्तकं, ॲट..."

"प्लस म्हणजे पी-एल-यू-एस ना?"

"नाही हो, बेरजेचं चिन्ह."

बराच वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. मग, "मॅडम, ईमेलमध्ये बेरजेचं चिन्ह नसतं."

"असतं. दोन वर्षांपूर्वी तुमच्याच फॉर्मनं घेतलंय."

पुन्हा कीबोर्ड. आणि मग अगदी पडलेल्या आवाजात, "माझ्याकडेपण लालच येतंय."

त्या पोराचा काय दोष? त्याच्या स्क्रीनवरही तीच चौकट बसवलेली. मी मग त्यांना लांबलचक मेल लिहिली, की आरएफसी ५३२२ ह्या ईमेलच्या रचनेच्या प्रमाणानुसार प्लस हे पत्त्याच्या डाव्या, म्हणजे ॲटच्या आधीच्या, भागात चालणारं साधं अक्षर आहे, आणि त्या डाव्या भागाचा अर्थ लावायचा अधिकार फक्त मेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरचा, तुमच्या फॉर्मचा नव्हे. उत्तर आलं: 'आपली तक्रार नोंदवली आहे.' ती अजून नोंदवलेलीच आहे.

सेलच्या मेल्स मात्र त्याच प्लसवाल्या पत्त्यावर बिनबोभाट येत होत्या. म्हटलं, निदान ह्या तरी बंद करू. अनसबस्क्राइब दाबलं, तर पान म्हणालं, 'नाव पुस्तकं@ हा पत्ता आमच्या यादीत नाही.' मधली फट बघितलीत? प्लस गायब, तिथे मोकळी जागा. लिंकमध्ये प्रश्नचिन्हाच्या पुढे उघडा प्लस आला की बरेच सर्व्हर त्याला स्पेस समजतात. तिथे टक्का-दोन-बी (%2B) असं लिहायचं असतं, आणि ते त्यांनी लिहिलं नव्हतं. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत, त्या लिंकमध्ये जाऊन मी हातानं तसं केलं आणि एंटर मारलं, तेव्हा कुठे सुटका झाली. म्हणजे मेल पाठवायला प्लस चालतो, आत घ्यायला चालत नाही आणि बाहेर सोडायलाही चालत नाही.

हा सगळा फोन चालू असताना दादा शेजारच्या खोलीत होता. 'बेरजेचं चिन्ह' त्यानं ऐकलं. तेव्हापासून घरात माझं नाव 'बेरीज' पडलंय.

ह्यातून मी घेतलेला धडा दादा म्हणतो तो नाही. शेपटे सोडले नाहीत, साठाचे चार केले. बिल, खरेदी, वर्ग, आणि 'फालतू'. साइटनुसार पाडू नका, ती मेल आल्यावर तुम्ही तिचं काय करणार त्यानुसार पाडा. फालतूवाली महिन्यातून एकदा उघडते. बँक, मुख्य खातं, जिथे पैसे किंवा ओळखपत्र आहे आणि कधीतरी फोनवर पत्ता सांगायची वेळ येईल, तिथे साधा, सरळ पत्ता. तिथल्या मेल्सना पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून फिल्टर लावता येतो, प्लसची गरजच नाही. आणि कुठे कुठला शेपटा दिलाय ते पासवर्ड मॅनेजरमध्ये तिथल्या तिथे लिहा. साइटच्या दृष्टीनं 'नाव@' आणि 'नाव+खरेदी@' ही दोन वेगळी माणसं असतात. नंतर 'असं खातंच नाही' वाचून डोकं फिरतं.

काही फॉर्म प्लस घेतच नाहीत. तिथे जीमेलमध्ये टिंबं चालतात, म्हणजे 'ना.व@' ला आलेलीही तुम्हालाच मिळते. पण हे फक्त जीमेल डॉट कॉमच्या पत्त्यांना. ऑफिसनं गूगलवर चालवलेल्या स्वतःच्या डोमेनवर (ॲटच्या पुढे ऑफिसचं नाव असलेल्या पत्त्यांत) टिंबानं पत्ता बदलतो.

दादाचे दोन मुद्दे बरोबर आहेत, तेही सांगून टाकते. एक, प्लसपासून ॲटपर्यंतचा भाग कापायला स्पॅमवाल्याला एक ओळ पुरते, तेव्हा तुमचा खरा पत्ता प्लसमागे लपत नाही. लपवायचाच असेल तर ॲपलनं २०२१ मध्ये 'आयक्लाउड प्लस' ह्या पैसे भरून घ्यायच्या सेवेबरोबर आणलेलं 'हाइड माय ईमेल', किंवा फायरफॉक्स रिले, सिंपललॉगिन असलं काहीतरी घ्या. ते कुठलातरी भलताच पत्ता बनवून मेल तुमच्याकडे पाठवतात, आणि नको झाला की तो पत्ता बंद करता येतो. प्लसवाला बंद होत नाही, फार तर त्यावरची मेल कचऱ्यात टाकता येते. दोन, एकदा एकाच ठिकाणी दिलेल्या शेपट्यावर कर्जाच्या जाहिराती यायला लागल्या, तेव्हा मी 'विकला ह्यांनी पत्ता!' म्हणून घर डोक्यावर घेतलं. दादा म्हणाला, चोरीलाही गेला असेल. असेल. पत्ता तिथूनच बाहेर पडला एवढंच शेपटा सांगतो, कुणी काढला ते नाही. पण त्या दिवशी मी हे कबूल केलं नव्हतं.

आणखी एक, हे आधीच लिहायला हवं होतं: प्लसवर आलेल्या मेलला उत्तर दिलंत की ते तुमच्या मूळ पत्त्यावरून जातं, जोवर जीमेलच्या सेटिंगमधल्या 'सेंड मेल ॲज' मध्ये तो शेपटा जोडलेला नाही. आणि ज्या मेलमध्ये तुम्ही बीसीसीत, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या प्रतींच्या यादीत, असता तिच्या 'टू' मध्ये तुमचा शेपटा दिसत नाही, मग फिल्टर का चालला नाही म्हणून माणूस बसतो खाजवत. तिथे सर्चमध्ये शेपट्याच्या पत्त्याआधी 'डिलिव्हर्डटू' (deliveredto:) लावून बघा, म्हणजे मेल खरोखर कुठल्या पत्त्यावर पोचली त्यावरून शोध होतो. हो, सर्चच. कळलं मला.

स्वतःचं डोमेन घेऊन त्यावर येईल ते सगळं स्वीकारायचं, असंही काही जण सुचवतील. छान आहे, पण नूतनीकरण चुकलं आणि डोमेन दुसऱ्यानं घेतलं की तुमच्या पासवर्ड बदलायच्या लिंकही त्याच्याच घरी जातात. मला स्वतःला ती जोखीम झेपत नाही.

ह्या उत्तराची लिंक दादाला पाठवतेय, त्याच्या त्या एकमेव पत्त्यावर. परवा त्याच्या फोनवर न वाचलेल्या मेल्सचा आकडा ३१ हजारांच्या वर होता. काय सर्च करायचं ते त्याला फोन करून सांगेन.