क्रिमिनल जस्टिसमध्ये जायचंय? आधी स्वयंपाकघराचा पंचनामा लिही

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बारावी सायन्स, ६४ टक्के, घर सिन्नरला, वडील माळेगाव एमआयडीसीत कामाला, आणि मनात एवढंच पक्कं की गुन्हा, पोलीस, कोर्ट या बाजूलाच काम करायचं. बी.एस्सी. फॉरेन्सिक, पाच वर्षांचं लॉ, की कुठलीही पदवी घेऊन पीएसआयची तयारी, यात तू अडकली आहेस. त्यात एका खासगी संस्थेने क्रिमिनॉलॉजीचा, म्हणजे गुन्हेगारीशास्त्राचा, तीन वर्षांचा कोर्स पुढे केलाय, वर्षाला सव्वा लाख फी आणि 'पोलिसात थेट संधी'. त्या सव्वा लाखावरून घरात रोज वाद होतात असं लिहिलंस, म्हणून आधी तेच सांगते.

पोलिसात थेट नेणारा कोर्स महाराष्ट्रात नाही. शिपाई व्हायचं तर पोलीस भरती: बारावी पास, मैदानी ५० गुण, लेखी १०० गुण. पीएसआय व्हायचं तर एमपीएससीची गट ब परीक्षा आणि कोणत्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी. डीवायएसपी राज्यसेवेतून, आयपीएस यूपीएससीतून. यातल्या एकाही ठिकाणी क्रिमिनॉलॉजीची पदवी आहे म्हणून एक गुणही जास्त मिळत नाही. त्या संस्थेला एवढंच विचार: पदवी कोणत्या विद्यापीठाची, आणि त्या विद्यापीठाला यूजीसीची मान्यता असल्याचा कागद दाखवा. उत्तर गोल गोल आलं तर वडिलांना फॉर्मवर सही करू देऊ नकोस. पदवीच हवी असेल तर गंगापूर धरणाकडे जाताना लागणाऱ्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवीही एमपीएससीला चालते, आणि तिची फी या आकड्याच्या जवळपासही जात नाही.

आता मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं कुठून येतंय ते कळेल. मी २००५ पासून नाशिकच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजूला वकिली करते, बहुतेक आरोपीतर्फे. पोलीस, लॅब, सरकारी वकील या सगळ्यांचं काम मी वीस वर्षं त्यातली उणीव शोधत वाचलंय. त्यामुळे कोणतं काम चांगलं झालंय हेही मला चटकन कळतं.

वकिलीची सनद मिळून चारेक वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. खुनाचा खटला, सिनियरांच्या हाताखाली मी. हत्यार कोयता. मुद्देमालाचं पाकीट कोर्टासमोर फोडलं आणि सिनियरांनी जप्ती पंचनामा हातात घेतला. पंचनाम्यात लिहिलेलं: लाकडी मूठ, एकूण लांबी १७ इंच. पाकिटातून निघालेल्या कोयत्याची मूठ लोखंडी, तिच्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. पट्टी मागवली. लांबी साडेचौदा भरली. पाकिटावर लाखेचं सील होतं, पण सील केल्याचा एक शब्द पंचनाम्यात नाही, आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी पाकिटावर नाही. जप्तीपासून लॅबकडे रवाना होईपर्यंत १६ दिवस गेलेले. ते १६ दिवस पाकीट कुठे होतं याची मुद्देमाल रजिस्टरला नोंद नाही. सीए रिपोर्ट, म्हणजे लॅबच्या रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, स्वच्छ होता, रक्त मयताच्याच गटाचं. पण तो रिपोर्ट नेमका कोणत्या कोयत्याचा, हे सरकार पक्षाला सांगता येईना. पंच तर आधीच फितूर झालेले. आरोपी सुटला.

बाहेर व्हरांड्यात मयताची आई उभी होती. निकाल काय झाला ते तिला कळलंच नव्हतं. काळा कोट दिसला म्हणून तिने मलाच विचारलं, "बाई, किती वर्षांची झाली?" मी कोणाच्या बाजूची हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं तिला. ती काही बोलली नाही, पदराने पिशवीचं तोंड बांधलं आणि जिना उतरून गेली.

आम्ही आमचं काम केलं होतं आणि ते करायलाच हवं होतं. पुराव्यात एवढी भोकं असताना कुणालाही जन्मठेप होऊ नये, हे मी आजही तेवढंच ठामपणे म्हणते. पण ज्याने तो पंचनामा लिहिला त्याने कोयता समोर ठेवून, पट्टी लावून, अर्धा तास जास्त दिला असता तर त्या बाईला खऱ्या-खोट्याचा निवाडा तरी मिळाला असता.

हे एवढं लांबण लावून सांगतेय कारण या क्षेत्रात तू कुठल्याही दाराने आत शिर, तुझा दिवस लिहिण्यात जाणार आहे. पीएसआय झालीस तर फिर्याद, पंचनामा, केस डायरी, रिमांड रिपोर्ट, दोषारोपपत्र. लॅबमध्ये गेलीस तर प्रत्येक नमुन्याची नोंद आणि अहवाल. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) झालीस तर माणसाच्या घरी जाऊन त्याच्याबद्दलचा अहवाल. टीव्हीवर दिसतो तो पाठलाग वर्षातून एखाद दिवशी. म्हणून मुलं सल्ला विचारायला आली की मी त्यांना एक काम देते, तेच तुलाही देते.

आज संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघराचा पंचनामा लिही. सुरू केल्याची वेळ घाल, संपल्याची घाल. दार कोणत्या दिशेला, पूर्वेला काय, पश्चिमेला काय. ओट्यापासून खिडकी किती फूट, टेपने मोजून. ओट्यावर काय काय आहे, मिसळणाचा डबा कुठे, झाकण उघडं की लावलेलं. 'सुमारे' नको, 'बरंच' नको. मग तो कागद अशा मैत्रिणीला दे जिने तुमचं घर पाहिलेलं नाही, आणि त्यावरून तिला नकाशा काढायला सांग. नकाशा जुळला आणि मोजताना तुला कंटाळा आला नाही, तर तुला या कामाची ओढ आहे असं मी समजेन. कंटाळा आला तरी वाईट वाटून घेऊ नकोस, पण सव्वा लाख भरण्याआधी ते कळलेलं बरं.

आता तुझे तीन रस्ते.

फॉरेन्सिकबद्दल उत्साह आहे आणि त्याला कारणही आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचंय आणि चित्रीकरण व्हायचंय. ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. म्हणजे माणसं लागणार. नाशिकला प्रादेशिक न्यायसहायक, म्हणजे फॉरेन्सिक, प्रयोगशाळा आहे. शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि मुंबईला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, आणि गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ. यातल्या कुठे प्रवेश मिळत असेल तर जरूर जा. पण दोन गोष्टी मनात धर. सरकारी भरती दरवर्षी निघत नाही. आणि वैज्ञानिक सहायकाच्या जाहिरातीत फॉरेन्सिकच्या बरोबरीने केमिस्ट्रीची पदवीही धरतात, सायबरच्या जागांना कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स, फिजिक्सवाले चालतात. जुन्या जाहिराती काढून पात्रतेचा रकाना स्वतः वाच. रोजचं काम म्हणजे दारूचे नमुने, व्हिसेरा (शवविच्छेदनात काढलेले अवयवांचे नमुने), रक्ताचे डाग, एकामागून एक. ज्यांना लॅबची शांतता आवडते त्यांना ते आवडतं.

पीएसआयसाठी आधी उंची बघ. मुलींना १५७ सेंटिमीटर लागते, अनवाणी. भिंतीला टेकून आजच मोज. त्र्यंबक रोडला महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, थेट भरतीचे पीएसआय तिथेच तयार होतात. दीक्षान्त संचलनानंतर आईवडील मुलांचे फोटो काढत असतात ते बघून कुणालाही वाटेल की आपणही व्हावं. पण तोच पोरगा पुढे सणावाराला घरी नसतो, बंदोबस्तात असतो, आणि २०२७ च्या सिंहस्थाला तर नाशिकमधल्या पोलिसाला झोपेची चैन नसणार. परीक्षेचं म्हणशील तर जाहिरात, पूर्व, मुख्य, मैदानी, मुलाखत, निकाल यात वर्षं निघून जातात. माझ्या ओळखीतली तीन मुलं तिशीला आली तरी अभ्यासिकेतच आहेत, आणि त्यांच्या हातात दुसरं काही नाही. म्हणून पीएसआय हा एकमेव बेत ठेवू नकोस.

लॉबद्दल मी जास्त बोलेन, ते माझं घर आहे. बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं, दोन्हीला सीईटी. नाशिकमध्येच एनबीटी आणि मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक संस्थेचं) लॉ कॉलेज आहे, त्यामुळे पुण्याला खोली घ्यायची गरज नाही. नंतर बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. पहिली काही वर्षं पैशाची ओढाताण असते. मला सिनियर सुरुवातीला महिन्याला दीड हजार देत, त्यातूनच नाशिकरोड ते सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, हे बसभाडं. घरी हे आधीच सांगून ठेव. 'लॉ झालं की लगेच जज' हा हिशेबही आता धरू नकोस. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांची वकिली परत आणली. माझ्या मते ते योग्यच झालं. ज्याने व्हरांड्यात तारखेची वाट पाहणारी माणसं पाहिलेली नाहीत त्याने त्यांना तारीख देऊ नये. सहायक सरकारी अभियोक्ता हे पदही एमपीएससीतून भरतात, त्यालाही वकिलीचा अनुभव लागतो.

नव्या वकिलासाठी मला सध्या सगळ्यात चांगली जागा वाटते ती लोक अभिरक्षक कार्यालयाची. विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेतून ती जिल्ह्याजिल्ह्यात झाली. ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींचे खटले तिथे पगारी वकील लढवतात, आणि सहायक पदाला शून्य ते तीन वर्षांचा अनुभव चालतो.

ही जागा का आवडते? मी विधी सेवेतर्फे नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात जात असते. बंद्यांनी घडवलेल्या गणपतीच्या मूर्तींमुळे ते कारागृह सगळ्यांना माहीत आहे. एकदा पेठ तालुक्यातला एक तरुण माझ्यासमोर बसला, शर्टाच्या खिशातून घडी घालघालून फाटत आलेला कागद काढला आणि म्हणाला, "हे काय आहे बघा ना." तो त्याच्याच जामिनाचा आदेश होता. १५ हजारांचा जातमुचलका (स्वतःचं हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. आदेश होऊन चार महिने झालेले. त्याला वाचता येत नव्हतं आणि कुणी वाचून दाखवलं नव्हतं. आता नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याने (ज्याचा खटला अजून संपलेला नाही) कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की कारागृह अधीक्षकांनी स्वतः न्यायालयात अर्ज करायचाय (जन्मठेप-फाशीचे गुन्हे आणि इतर काही अपवाद सोडून). कायदा झाला, पण तो कागद वाचून दाखवणारं माणूस लागतंच.

क्रिमिनॉलॉजीची खरी जागाही इथेच आहे. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस घेऊन समाजकार्यात एम.ए. करता येतं. त्यांचाच 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत काम करतोय. परिविक्षा अधिकारी, बाल न्याय मंडळ, उंटवाडीच्या निरीक्षणगृहासारख्या ठिकाणी अशी शिकलेली माणसं कमी पडतात. या बाजूने मला कुणी मुलं प्रश्नच विचारत नाहीत, याचं वाईट वाटतं.

मी तुझ्या जागी असते तर सिन्नरला किंवा नाशिकला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केली असती. खर्च कमी, आणि तीन वर्षांनी लॅबची भरती, फॉरेन्सिकची एम.एस्सी., तीन वर्षांचं एलएल.बी., एमपीएससी, सगळंच उघडं राहतं. ज्याला सीए रिपोर्ट वाचता येतो असा फौजदारी वकील आमच्या बार रूममध्ये शोधावा लागतो. बोलण्याची, वाद घालण्याची ओढ आताच पक्की असेल तर मात्र सरळ पाच वर्षांच्या लॉला जा, तीन वर्षं थांबू नकोस.

त्याआधी एक दिवस काढ. सिन्नरहून एसटी धर, सीबीएसला उतर, जिल्हा न्यायालय तिथून चालत आहे. अकराच्या आत पोच आणि एखाद्या सेशन्स कोर्टात मागच्या बाकावर बस. बलात्कार आणि पोक्सोचे खटले सोडले तर सुनावणी सगळ्यांना खुली असते, फोन तेवढा बंद ठेव. कुणी हटकलं तर विद्यार्थिनी आहे म्हण. साक्षीदाराचा उलटतपास चालू असेल तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत हलू नकोस, आणि त्या वेळात कोणाच्या खुर्चीत बसावंसं वाटलं ते लिहून ठेव.

स्वयंपाकघराचा पंचनामा झाला की मला पाठव. पत्ता काढून टाक, मापं ठेव. लाल शाईने तपासून परत देते.